सात-बाऱ्याबाहेरचं गाव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बदल्यांच्या निमित्ताने उमरगा, लोहारा, कळंब, भूम अशा तालुक्यांतल्या गावांत राहिले. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना दरवर्षी कोणीतरी मूल विचारायचंच, "बाई, तवा आपलं गाव होतं का?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मग मी ते गावात शोधायला लागले आणि नोकरी संपली तरी तो शोध सुटला नाही. कागद वाचले, दगड पाहिले, म्हाताऱ्या माणसांजवळ बसले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. गावाचा इतिहास लिहायला घेतला की ज्यांच्याकडे जमीन, अक्षर आणि पैसा होता त्यांची नावं आपोआप समोर येतात. बाकीच्यांची नावं शोधावी लागतात आणि खरं काम तिथून सुरू होतं.

धाराशिव जिल्ह्यात मोठ्या इतिहासाची वानवा नाही. तेरणेकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायचं. परंड्याच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ पुढे विजापूरला गेली. नळदुर्गात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदी अडवली आणि बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा मेडोज टेलर अधिकारी म्हणून नळदुर्गला आला आणि पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं, सातव्या निजामाच्या नावावरून शहर उस्मानाबाद झालं, १९८२ मध्ये लातूर वेगळं झालं आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव परत आलं. हे सगळं पुस्तकांत मिळतं. पण ज्या गावात कोणा राजाचा मुक्काम पडला नाही आणि जिथे कोणती लढाई झाली नाही, त्या दीडशे उंबऱ्यांच्या गावातल्या पोराला यातलं काय सांगायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

पहिला धडा तेरने दिला. तिथल्या पांढरीत पाऊस पडून गेला की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जपून ठेवायला सुरुवात केली. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभं आहे. परदेशी अभ्यासक तेरला येतात तेही एका गावकऱ्याने वेळेवर वाकून उचललेल्या वस्तू पाहायला. मुलांना मी तिथे नेत असे. एकदा परत आल्यावर एका मुलीने परसात सापडलेला मातीचा दिवा शाळेत आणला. तो कोणत्या काळातला, हे सांगायची माझी पात्रता नव्हती. आम्ही तो कुठे, किती खोल आणि कोणाला सापडला ते लिहून ठेवलं. त्या दिवसापासून हाच माझा नियम झाला. वस्तूचा अर्थ पुढचा अभ्यासकही लावू शकतो. ती कुठे सापडली हे मात्र त्याच दिवशी, त्याच माणसाने लिहावं लागतं.

मग कागद आले. आमच्या भागातल्या जुन्या घरांत कागद असतात ते देवळीत, पत्र्याच्या पेटीत किंवा माळ्यावरच्या गाठोड्यात. गावपातळीवरचा हिशेब बहुतेक मोडीत, सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली. हैदराबाद संस्थानातल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ पासून पुढचं वर्ष. एवढी साधी बेरीज माहीत नसल्याने कित्येक घरांत आजोबांचा जन्म सहाशे वर्षं मागे गेलेला मी पाहिला आहे. मोडी मी एका जुन्या पटवारी घराण्यातल्या आजोबांकडून शिकले. उर्दू अक्षरओळख शेजारच्या उर्दू शाळेतल्या सहकारी शिक्षिकेने करून दिली. दोघांनीही एक पैसा घेतला नाही. "वाचता आलं की आमच्याही घरचे कागद वाचून दाखवा," एवढंच दोघांचं म्हणणं होतं.

त्या कागदांत गाव दिसू लागलं. कोणत्या शेतात विहीर होती, तिच्यावर किती मोटा चालायच्या, बांधावर आंबा किती आणि चिंचा किती, देवस्थानाला इनाम कोणती जमीन, महार वतनाची कोणती. शेतांना नावं होती आणि त्या नावांतून नाहीशा झालेल्या वस्त्या, आटलेले ओढे, बुजलेल्या वाटा कळायच्या. कोणतं गाव दिवाणी, कोणतं सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगीचं, कोणतं जहागिरीचं, यावर तिथल्या शेतकऱ्याचं सगळं नशीब अवलंबून असायचं. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या आणि १९५० मध्ये कूळ कायदा आला, तेव्हा एकाच शिवारातली दोन गावं दोन वेगळ्या वाटांनी पुढे का गेली, हे या कागदांवरून समजतं.

सुरुवातीला मी या कागदांनी भारावून गेले होते. हळूहळू त्यांत कोण नाही याकडे लक्ष जायला लागलं. बायका जवळजवळ नव्हत्याच. नवरा मेल्यावर वारस लागताना एखादीचं नाव यायचं. सालगडी नव्हते. विहीर खोदणारे वडार, टोपल्या विणणारे कैकाडी, पारधी हे तर कुठेच नव्हते. विहिरीची नोंद होती, खोदणाऱ्याची नव्हती.

दगडांनी यातली थोडी उणीव भरून काढली. आमच्याकडे बहुतेक गावांच्या वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी, ओढ्याकाठी वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड असतात. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाईंच्या रक्षणासाठी झालेली. मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. त्याहून वर चंद्र आणि सूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. काही ठिकाणी शेजारी सतीशिळा असते, तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. भूम तालुक्यातल्या माणकेश्वरचं शिवमंदिर पाहायला लोक लांबून येतात आणि ते पाहण्यासारखंच आहे. पण गावोगावचे हे दगड कोणी पाहत नाही. एका गावात वीरगळाची पायरी झाली होती, दुसरीकडे त्यावर शेंदराचे इतके थर होते की आकृतीच दिसत नव्हती. शेंदूर खरवडावा, असं मला कधीच वाटलं नाही. गावाने तो दगड देव मानला म्हणून तर तो फुटला नाही. मी आणि मुलांनी प्रत्येक दगडाची जागा, उंची, तोंड कोणत्या दिशेला, आणि गाव त्याला काय म्हणतं, एवढं टिपलं. कुठे 'सात मुलींचा दगड', कुठे 'वेशीवरचा बाबा'. मूळ वीर विसरला गेला तरी आपल्यासाठी कोणीतरी जीव दिला होता, ही आठवण गावाने दुसऱ्या रूपात जपली होती.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून माणसं नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद अशी घरं. ती झोपेतल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली. त्या दिवसांबद्दल मी फार लिहू शकत नाही. पण इतिहास गोळा करणारी म्हणून त्यानंतर जे शिकले ते सांगितलं पाहिजे.

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या गावात रस्ते सरळ, घरं रांगेत. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. घरं भक्कम होती आणि त्यासाठी लोक आजही कृतज्ञ आहेत. जुन्या गल्ल्या मात्र मोडल्या. ज्यांची भिंत एक होती ते गावाच्या दोन टोकांना गेले. काही वर्षांनी अशाच एका गावात आम्ही जुन्या गावाचा नकाशा काढायचं ठरवलं. पुरुषांनी आधी काढला. गढी, चावडी, मंदिर, मशीद, वेस, पाटलाचा वाडा. अर्ध्या तासात नकाशा पुरा झाला, तरी त्यात घरं फार थोडी होती.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. शाळेच्या ओसरीवर त्यांनी खडूने सुरुवात केली ती आडापासून. गोड्या पाण्याचा आड, खाऱ्या पाण्याचा आड, कोणी कोणत्या आडावर जायचं आणि कोणाला लांबून पाणी वाढलं जायचं. मग कोणाच्या घरून विस्तव आणायचा, कोणाच्या जात्यावर पाळी लागायची, बाळंतपणाला कोणत्या आजीला बोलवायचं. एकेक उंबरा त्यांनी नावासकट सांगितला, त्या घरातली कोण कोण गेली तेही सांगितलं. दिवस मावळला तरी काम चालू होतं. ज्या घरांचे कुठल्या कागदात उल्लेख नव्हते तीही घरं त्या ओसरीवर आली. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसानंतर मी गावात गेले की आधी पाण्याची जागा विचारते. पाणी कोणी कुठे भरायचं हे कळलं की गावातली जात, नातं, भांडण आणि माया सगळं कळतं.

बायकांच्या आठवणीला इतिहासाचं साधन मानणारी मी एकटी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम समजल्यावर मला मोठा धीर आला. माझ्या वहीतही मग ओव्या येऊ लागल्या. माहेरची वाट, नदीचा उतार, बाजारचा वार, प्लेगात ओस पडलेली वाडी हे सगळं त्यांत असायचं.

सर्वांत अवघड काम होतं १९४८ चं. आमच्या जिल्ह्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा मोठा वारसा आहे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या जुलमाला कंटाळून कित्येक कुटुंबं सीमेपलीकडे बार्शी, सोलापूरकडे गेली. १३ सप्टेंबरला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गला बोरीवरचा पूल ताब्यात घेतला, त्याच दुपारी ती उमरग्यापर्यंत आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लागतो आणि लागलाच पाहिजे.

पण गावातली आठवण १७ तारखेला संपत नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या शेवटी संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शन म्हटल्या गेलेल्या या लष्करी कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेत सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं घेतली आणि संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत असा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मी तो वाचण्याच्या फार आधी म्हाताऱ्या माणसांकडून हे तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं.

एका गावात एका आजोबांनी सांगितलं, रझाकारांनी त्यांच्या वडिलांना शेतातून ओढून नेलं ते परत आलेच नाहीत. त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून, एका आजीने सांगितलं, सप्टेंबरनंतर तिच्या घरातला एकही कर्ता पुरुष उरला नाही, ती आणि तिची धाकटी बहीण शेजारच्या हिंदू घरातल्या कणगीमागे लपून वाचल्या. दोघांचे डोळे त्याच तऱ्हेने कोरडे होते. दोघांनीही शेवटी तेच म्हटलं, "बाई, लिवू नका. पोरांना इथंच राहायचं हाय." मी दोघांना विचारलं, लिहून ठेवू, पण तुम्ही असेपर्यंत दाखवणार नाही, चालेल का? आजोबा हो म्हणाले. आजीने दोन दिवस घेतले आणि मग तिने स्वतःच निरोप पाठवला. ते लेखन मी वेगळ्या वहीत ठेवलं, नाव-गाव झाकून.

या अनुभवाने माझी समजूत कायमची बदलली. एक दुःख सांगितल्याने दुसरं खोटं ठरत नाही. रझाकारांचा जुलूम लिहायचा आणि पुढचं गाळायचं, किंवा पुढचं लिहून आधीचं गाळायचं, दोन्ही प्रकारांत गावातल्या कोणाचे तरी मेलेले आपण दुसऱ्यांदा नाहीसे करतो. आणि दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी मला न विचारता एक गोष्ट सांगितलीच. आपल्याला वाचवलं कोणी, ती. ती नावं मी सर्वांत ठळक अक्षरांत लिहिली.

पुढे त्याच भागातल्या एका गावाने यात्रेनिमित्त स्मरणिका काढायची ठरवली आणि गावाचा इतिहास मला लिहायला सांगितला. मजकूर वाचल्यावर मंडळींनी काही पानं काढायला सांगितली आणि वर्गणीदारांच्या घराण्यांची माहिती वाढवायला सांगितली. मी आदराने माझा लेख परत घेतला. त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने तिकडच्या ग्रामीण काउंटीच्या इतिहासग्रंथाची छायाचित्रं पाठवली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा विभाग. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिथल्या काँग्रेसने प्रत्येक गावाने आणि काउंटीने आपला इतिहास लिहावा असा ठराव केला. त्या काळात असे जाडजूड ग्रंथ भराभर निघाले. अनेक ग्रंथ आगाऊ वर्गणीवर छापले जायचे आणि वर्गणी देणाऱ्याचं चरित्र, जादा पैसे दिल्यास चित्रही आत यायचं. त्या जमिनीवर आधी राहणाऱ्या मूळ लोकांना थोडी पानं, शेतमजुरांना तर ओळही नाही. तरीही आज तिथली माणसं आपले पणजोबा शोधायला याच ग्रंथांकडे वळतात, कारण दुसरं काही लिहिलेलंच नाही. ते पाहून माझा निश्चय पक्का झाला. एकदा छापलेलं शंभर वर्षं खरं मानलं जातं, म्हणून कोणाला गाळायचं हे वर्गणीवरून ठरता कामा नये.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. लोक पिशव्या भरून कागद घेऊन माझ्याही दारात आले. जे लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं, जे नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं. हिरमुसून जाणाऱ्या माणसाला पाहून वाईट वाटायचं, पण कागदापुढे माझी इच्छा चालत नाही. बहुतेकांना 'कुणबी' हा एकच शब्द हवा होता आणि त्यांची गरज खरी होती. मी मात्र प्रत्येकाला विनंती करायचे, सगळा कागद ऐकून जा. काहीजण थांबले. आपल्या खापरपणजोबांच्या शेताचं नाव, त्यांच्या शेजाऱ्याचं नाव, दुष्काळात सूट मागणारा अर्ज ऐकून एक तरुण म्हणाला, "हे कागद आम्ही दिवाळीच्या साफसफाईत टाकणार होतो." त्या वर्षी किती घरांतले कागद वाचले असतील, याचा विचार केला की बरं वाटतं.

आता कोणी शिक्षक, शिक्षिका हे काम करू पाहत असतील तर त्यांना चार गोष्टी सांगते. साल विचारू नका, घटना विचारा. मानमोडीची साथ, रझाकाराचं साल, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप, या खुणांवरून माणसं अचूक सांगतात. प्रत्येक नोंदीवर तारीख, जागा आणि जवळ कोण बसलं होतं ते लिहा. सून समोर असताना आजी वेगळं बोलते. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मूळ कागद घरी नेऊ नका, छायाचित्र घ्या आणि त्याची एक प्रत त्या घराला, एक शाळेला, एक ग्रामपंचायतीला द्या. गावाला विचारून लिहा, पण केवळ गावाला खूश करायला लिहू नका.

आणि सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर बहात्तरपासून करा. त्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गावात अजून आहेत. त्या आता सत्तरीच्या पुढे गेल्या. तलावाच्या फलकावर त्यांची नावं नाहीत, सात-बाऱ्यावर बहुतेकींची नाहीत. आज गावाला पाणी मिळतं ते त्यांनी डोक्यावरून वाहिलेल्या मातीच्या बांधामागचं. कचेरीतला सात-बारा पुढच्या वर्षीही मिळेल. या बायांकडे मात्र याच महिन्यात वही घेऊन गेलं पाहिजे.